खुर्चीवरचा पखवाज

चंद्रप्रकाश परबांची कंबर बारा गावचं पाणी प्यायलेली होती. मालीशवाले झाले, पट्टे झाले, मेव्हण्याने कुडाळहून पाठवलेलं तेल झालं. शेवटी लागू पडली ती लाल गोळी. भांडुपच्या त्यांच्या भजनी मंडळात ती सुपारीसारखी हातोहात फिरायची. सगळ्यांच्या मांड्या तशाच घातलेल्या, दुखणं तेच, मग डॉक्टर कशाला? चंद्रप्रकाशनी ती वर्षानुवर्षं खाल्ली आणि पखवाज असा वाजवला, की समोरच्या बुवाने शब्द विसरावेत. मग किडनीचा रिपोर्ट बिघडून आला.

"लाल गोळी आजपासून बंद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नाहीतर पुढचं भजन डायलिसिसच्या पलंगावर."

तेव्हापासून या माणसाने जे केलं ते बघून त्यांची बायको सुलक्षणा मनातल्या मनात हात जोडायची. रात्री नसांची एक गोळी, सकाळ-संध्याकाळ खाल्ल्यावर एक साधी, मध्ये व्यायाम, आणि अर्धा तास बसलं की उठून फेऱ्या. साध्या गोळीने दुखणं जात नव्हतं, नुसतं जरा सरकून बसत होतं. पण आज बरंय म्हणून त्यांनी गोळी चुकवली नाही, आज जास्त आहे म्हणून एक वाढवली नाही. आणि हा तोच माणूस, जो स्वतःच्या साखरपुड्याला उशिरा पोचला होता!

आज माघी गणपतीची डबलबारी होती. दोन मंडळं समोरासमोर बसून आळीपाळीने भजन म्हणणार, एकमेकांची खेचणार. समोर जोगेश्वरीचे सर्वेशबुवा. सुलक्षणेच्या पर्समध्ये लाल गोळ्यांची जुनी पट्टी होती. तिच्यात एकच गोळी उरली होती. टाकून देते म्हणाली होती, टाकली नव्हती. नवऱ्याचं कण्हणं तिला ऐकवत नव्हतं, दुसरं काही नाही.

चंद्रप्रकाश खुर्ची आणि घरचा टीपॉय घेऊन मंडपात आले, तेव्हाच दत्तारामबुवांचं डोकं फिरलं. हेच त्यांच्या मंडळाचे गाणारे बुवा.

"देवासमोर खुर्ची? मी खाली बसून गातलंय नि तू माझ्या डोक्यार बसतलंस काय रे, चंदू?"

"मग मला मागे ठेवा बुवा. आवाज पुढे येईल."

पंचवीस वर्षं बुवांच्या उजव्या हाताला बसलेला माणूस मुकाट्याने मागे, कनातीला टेकून बसला. टीपॉयवर आडवा पखवाज, त्याच्या एका तोंडाला कणीक लावलेली. मग ते उठून सर्वेशबुवांकडे गेले आणि हात जोडून म्हणाले, "तुमची बारी चालू असताना मला उठून फिरावं लागेल. अपमान समजू नका."

सर्वेशबुवा समजले, पण सोडतात कसले! गायला बसल्याबसल्या म्हणाले, "समोरचे पखवाजवाले साहेब झाले, खुर्ची घेऊन आले. सही करणार की वाजवणार?" मंडप खदखदला. चंद्रप्रकाशही हसले. आपली पाळी आल्यावर त्यांनी पहिल्याच गजराला असा काही हात टाकला, की हसणाऱ्यांनी माना डोलवायला सुरुवात केली. सुलक्षणेला वाटलं, उभं राहून ओरडावं, हा माझा नवरा आहे!

पण बारी लांबली. अर्धा तास केव्हाच उलटला होता. सर्वेशबुवांची पाळी येताच चंद्रप्रकाश उठून कनातीमागे गेले. सुलक्षणा धावली. ते बांबूला धरून उभे होते, चेहरा पांढरा पडलेला, सदरा घामाने भिजलेला. अजून एक पूर्ण पाळी बाकी होती.

तिने पाण्याची बाटली पुढे केली आणि दुसऱ्या तळहातावर लाल गोळी.

"एकच. आजच्या दिवस. मी कुणाला सांगणार नाही."

ते गोळीकडे बघत राहिले. त्यांनी घ्यावी असंही तिला वाटत होतं, घेऊ नये असंही.

"ही घेतली ना, तर राजासारखा बसेन गं," ते म्हणाले. "आणि पुढच्या माघात?"

"पण दुखतंय ना हो?"

"मरणाचं दुखतंय. संध्याकाळची गोळी आहे ना, जेवल्यावर घेईन." तिची मूठ मिटवून ते बाटलीतलं पाणी प्यायले आणि फेऱ्या मारायला लागले.

शेवटची पाळी त्यांनी वाजवली. ओठ दाबून वाजवली, पण लय केसभर हलली नाही. सुलक्षणा रडत होती आणि टाळ्याही वाजवत होती. अशा माणसाचं कौतुक करायला ढोलताशे लागत नाहीत, हे तिला पटलं होतं.

बारी संपली, प्रसाद वाटला गेला. दत्तारामबुवा कमरेवर हात ठेवून वाकडेतिकडे चालत तिच्याजवळ आले आणि इकडेतिकडे बघत कुजबुजले, "वयनी, ती लाल गोळी असात काय हो एखादी? कंबर पार गेली माझी."

"आहे ना," सुलक्षणा म्हणाली.

बुवांनी हात पुढे केला. तिने पर्समधून गोळी काढली, जमिनीवर टाकली आणि चपलेने रगडून तिचा पार भुगा केला.

"उद्या सकाळी दवाखान्यात चला. मी येते बरोबर."