विचारायची लाज

एका छापखान्यात एक मुद्रितशोधक होते. मुद्रितशोधक म्हणजे छापण्याआधी दुसऱ्याच्या चुका काढणारा माणूस, म्हणून तिथे सगळे त्यांना ‘मास्तर’ म्हणत. कागदावर एखादा शब्द अडला, की मास्तर चार जणांना विचारून खात्री करून घेत. पण कागदाबाहेर काही अडलं, की तुमच्याआमच्यासारखेच मूग गिळून बसत. कारण तिथे कुणी काही विचारलं, की हमखास ऐकू यायचं, “एवढंही माहीत नाही?” मंडळी, हे वाक्य आपल्या कचेरीतही रोज कानावर पडतंच की!

एक मोठं काम वेळेत पार पडलं, म्हणून छापखान्याच्या मालकीणबाईंनी सगळ्यांना सुशी हा भाताचा जपानी पदार्थ खायला नेलं. कल्पना चित्रकाराची. हा तरुण पुस्तकांची मुखपृष्ठं करायचा. हाताने तेज आणि जिभेनेही.

आत शिरले आणि मास्तर पार गोंधळले. टेबलाला लागून एक पट्टा सरकत होता आणि त्यावरून छोट्या छोट्या बशा निघाल्या होत्या. यातली आपली कोणती? की ही पलीकडच्या टेबलाची? उचलली आणि नको वाटली, तर परत ठेवायची का? त्यांनी एका बशीला हात घातला तोवर ती पुढे सटकली. मास्तर तिच्यामागे अर्धे उठले आणि ओशाळून बसले. टेबलावरच्या नळाखाली हात धुवायला गेले, तर चहासाठीचं कढत पाणी! हात झटकून ते असे बसले, जणू काही झालंच नाही.

शेजारच्या हिशेबनीस बाईंनी एक बशी उचलून विचारलं, “यात काय असतं हो?”

चित्रकार खो खो हसला. “बाई, कुठल्या जगात राहता? सुशी आहे ती! तोंडात टाका, कळेल.”

सगळे हसले. बाईंनी मान खाली घातली.

मास्तरांच्या ओठावर नेमका तोच प्रश्न होता. लहानपणी कोळंबी खाऊन त्यांच्या जिवावर बेतलं होतं. तेव्हापासून ती वर्ज्य. समोर भाताची गुंडाळी, बाहेर काळपट हिरवं वेष्टण, आत काहीतरी गुलाबी-पांढरं. मुळा असेल? की कोळंबी? विचारावं का? पण पुन्हा हशा पिकला तर? ‘मुळाच असणार,’ असं मनाला पटवून त्यांनी घास तोंडात टाकला.

आधी ओठ चुरचुरले. मग जीभ जड झाली. मग घसा आतून कुणी आवळावा तसा आवळला. आणि तरीही मास्तर बोलेनात! पाणी पीत, हसरा चेहरा करून बसून राहिले.

“अहो मास्तर, तोंड सुजलंय तुमचं!” मालकीणबाई ओरडल्या.

“को... कोळंबी...”

एकच धावपळ उडाली. नशीब, दवाखाना रस्त्यापलीकडेच होता. डॉक्टरांनी तातडीने इंजेक्शन दिलं, आणि हळूहळू श्वास मोकळा झाला. “थोडा उशीर झाला असता, तर अवघड होतं,” डॉक्टर म्हणाले, आणि मास्तरांना तिथेच पडून राहायला सांगितलं.

चित्रकाराचा चेहरा पांढराफटक पडला होता. “मास्तर, मला विचारायचं ना!”

“बाईंनी विचारलं होतं की,” मास्तर घोगऱ्या आवाजात म्हणाले.



“बरं, तूच सांग,” मालकीणबाई चित्रकाराला म्हणाल्या, “काय होतं त्या बशीत?”

“मला... मला ठाऊक नव्हतं.”

“मग हसलास कशाला?”

“ठाऊक नाही हे कुणाला कळू नये म्हणून!”

मागून छपाईयंत्रवाले काका पुटपुटले, “मला तर बशी उचलायची असते हेच कळलं नव्हतं. उपाशी बसलो होतो.”

“म्हणजे सगळेच अडाणी, आणि सगळेच शहाण्याचं सोंग घेऊन बसलेले!” मालकीणबाईंचा आवाज चढला. “अरे, न कळणं हा काय गुन्हा आहे? एका विचारणाऱ्याला हसलो, की आपण सगळ्या टेबलाचं तोंड बंद करतो. आणि मास्तर, तुमचाही राग येतो मला. लाजेपायी कुणी जीव देतं का?”

मास्तरांचे डोळे भरून आले. “चुकलं,” ते म्हणाले. “हसले असते तर हसले असते! माझं काय जाणार होतं?”

चित्रकार हिशेबनीस बाईंकडे वळला. “बाई, माफ करा. पुन्हा कुणाला असं हसणार नाही.”

“बरं, बरं,” बाई म्हणाल्या. “आता जा, आणि बाकीच्या बशांत काय काय आहे ते तिथल्या माणसाला नीट विचारून ये. मास्तरांजवळ मी बसते. पण भूक लागलीय हो मला!”

चित्रकार निघाला. काचेतून मास्तरांना तो रस्ता ओलांडताना दिसला.

मित्रहो, माहीत नसणं ही लाजेची गोष्ट नाही. विचारणाऱ्याला लाजवणं, ही खरी लाजेची गोष्ट!