एका बाटलीचे दोन वास

संध्याकाळी सव्वासात वाजता मेजरसाहेबाने पेला टेबलावर ठेवला आणि वाढणाऱ्या नागोजीने दारूत पाणी घातले आहे, असे सांगितले. स्थळ, बेळगावच्या कॅम्पातील अधिकाऱ्यांची मेस. साल १९३१.

मित्रांनो, मी त्याच टेबलावरचा एक जुना काचेचा पेला आहे. पोट गोल, तोंड आवळलेले, खाली बारीक दांडी. आम्ही बारा भाऊ जहाजातून आलो, द्राक्षाच्या तांबड्या दारूसाठी. आदल्या आठवड्यात एक फुटला. कोणाच्या हातून, ते कळले नाही. त्या जागी एक पसरट, बशीसारखा पेला मांडला गेला. तो नेमका मेजरसमोर आला. मी त्याच्या शेजाऱ्यासमोर होतो आणि शेजारी दारूची तारीफ करीत होता. त्यामुळे संशय वाढला.

मुख्य बटलर रवळू नागोजीला टेबलामागच्या कपाटाशी घेऊन आला.

"खरं सांग रं. पाणी घातलंस?"

"न्हाय अण्णा. समद्यास्नी एकाच बाटलीतनं वतलंय."

"मग साहेब खोटं बोलतोय व्हय?"

"साहेब बी खरं बोलतोय. त्यो पेलाच निराळा हाय. गोल पेल्यात वास कोंडून ऱ्हातोय, पसरट्यातनं उडून जातोय. वास गेला की दारू पाणचट लागणारच की."

"सांबरा गावचा माळकरी तू. तुला ह्यातलं काय कळतंय?"

"रोज पुसतोय न्हवं पेले? माळ गळ्यात हाय अण्णा, नाकात न्हाय."

रवळू हसला नाही. नोकरी नागोजीची जाणार होती, पण चौकशी त्याच्यापर्यंतही आली असती. त्याने नवी बाटली सर्वांसमोर उघडली आणि माझ्यात व त्या पसरट पेल्यात सारखीच ओतली. मेजरने दोन्हींत नाक घातले. माझ्यापाशी तो जास्त वेळ थांबला. पाण्याचा आरोप तिथेच मिटला.

हे नागोजीने ओळखले, असे रवळूने सांगितले तेव्हा मेजरने विचारले, ह्या माणसाला हे कसे ठाऊक?

"वास घेऊन, साहेब," रवळू म्हणाला.

"पिऊन," मेजर म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून, चौकशी होईपर्यंत, नागोजीला कामावर यायला मनाई झाली. नंतर त्याची बायको अंबुबाई एकदा मागच्या दारी आली. तिने रवळूला एवढेच विचारले, "खरंच पीत हुता काय वो?" रवळूने हातातला पेला पुसून कपाटात ठेवला.

मित्रांनो, मला धरायचे तर दांडीला धरा, पोटाला नको; हाताची ऊब लागली की दारू बिघडते. आणि कोणाला चोर म्हणण्याआधी तीच वस्तू दुसऱ्या पेल्यात ओतून पाहा. तेवढ्याने भागतेच, असे मात्र मी म्हणणार नाही.

नागोजीचे ओठ मला कधी लागले नाहीत. पण गोल पेले अकरा होते, आणि मी माझ्यापुरतेच सांगू शकतो. सत्तेचाळीसच्या ऑगस्टात, गोरे साहेब मेस सोपवून निघाले तेव्हा, रवळूने नोकरांची यादी वाचून दाखवली; त्यात सोळा वर्षांनीही नागोजीच्या नावापुढे 'चौकशी चालू' असे होते.