शांत खोलीतले उंदीर

"दोन्या एल्पीदिया, तुमचे उंदीर मला वेड लावणार," वरच्या प्रयोगशाळेतली आयलेन म्हणाली.

"माझे उंदीर कुणाच्या वाटेला जात नाहीत. वेडी तू आधीपासूनच आहेस. जेवलीस का?"

जेवली नव्हती. पिशवीतली एम्पानादा, आपली खिम्याची करंजी, मी तिच्या पुढ्यात ठेवली आणि तिच्या संगणकाच्या पडद्यात डोकावले. दोन्या म्हणजे मानाची बाई; शिकलेली मात्र मी तिसरीपर्यंत. शाळा दोन कोसांवर आणि शेळ्या घरी. पण पाच मुलं वाढवली, तीन सुना वळणावर आणल्या, आणि ब्युनोस आयर्सच्या या इमारतीच्या तळघरात अठरा वर्षं कानाच्या डॉक्टरांचे उंदीर सांभाळते. वर त्यांच्या कानांचं काय करतात ते आजवर कुणी दाखवलं नव्हतं.

"ही ऐकणारी पेशी," तिनं बोट ठेवलं. "तिच्या बुडाशी हे लाल ठिपके, आणि प्रत्येकाला चिकटलेला हिरवा ठिपका म्हणजे मज्जातंतूचं टोक. पेशीनं ऐकलेलं ते मेंदूकडे नेतं."

मी चष्मा सारखा केला. "ही तर आडवी पडलेली डुकरीण. पिल्लं लुचतायत."

ती हसली. "अगदी तसंच. एकेकीला पंधरा-सोळा."

"एका सडाला एकच पिल्लू?"

"एकच."

"आणि वरून खाली कुणी येत नाही? मेंदूकडून?"

"येतात ना. दुसरे तंतू. ते पेशीला सांगतात, जरा गप्प बस."

"सासू म्हण की," मी म्हटलं. "आणि ह्या लाल ठिपक्यांना हिरवं का नाही?"

तिचं हसू गेलं. "त्यांना आम्ही अनाथ म्हणतो. मोठ्या आवाजानं पेशी मरत नाही, पण पिल्लं गळून पडतात. बारीक आवाज कळतो, तपासणीत कान चांगला निघतो. चार माणसं एकदम बोलली की मात्र सगळा काला होतो. पण हे उंदीर शांत गटातले आहेत, दोन्या. यांना मी कसलाच आवाज ऐकवलेला नाही. यांची पिल्लं गळायलाच नकोत. डॉक्टर बेरुती म्हणतात, तू मोजायला चुकलीस. तीनदा मोजलं. गुरुवारच्या बैठकीत आकडे जुळले नाहीत तर विषय सोडायचा. दोन वर्षं गेली."

"माझी खोली देवळासारखी आहे," मी ठणकावलं. "रेडिओसुद्धा लावत नाही."

खाली येऊन पाण्याच्या बाटल्या धुतल्या आणि रोजच्यासारखा कॉम्प्रेसरचा पाइप हातात घेतला. फडक्याचे तंतू नळीत अडकतात, उंदीर तहानेनं मरतात; म्हणून बाटल्या हवेनं वाळवायच्या, ही माझीच युक्ती. शेजारच्या विभागानंही उचलली. मी खटका दाबला. फुस्स. मांडणीवरचे सगळे उंदीर एकदम कोपऱ्यात धावले.

ते रोजच धावायचे. मी कामाला लागले की मला ओळखून नाचतात, असं मी सुनांना सांगत आले होते.

खटका सोडला. ते थांबले. पुन्हा दाबला. पुन्हा धावले.

कुणी पाहिलं नव्हतं. उद्यापासून पाइप गुंडाळून ठेवला असता तर पुढचे उंदीर नीट निघाले असते, आणि आधीची चूक त्या पोरीच्या मोजण्यावर कायमची बसली असती. खोटं कशाला सांगू, सगळ्या बाटल्या भरून होईतो मी हाच विचार करत होते.

गुरुवारी जिन्यानं वर गेले. लिफ्ट फार लवकर पोचवते. बैठकीत सातजण होते. आयलेन फळ्यापाशी उभी, मान खाली.

"पोरीनं बरोबर मोजलंय," मी दारातूनच म्हटलं. "चूक माझी आहे."

डॉक्टर बेरुती गोड हसले. "तुम्ही कसली चूक करणार, दोन्या?"

ते हसणं मला झोंबलं. माझ्या हातून काही बिघडू शकतं, एवढीसुद्धा माझी किंमत नव्हती.

"आवाज मोजायचं यंत्र घ्या आणि खाली चला."

ते आले. मी उंदरांचे पिंजरे बाहेर ठेवले आणि खटका दाबला. डॉक्टरांनी आकडा वाचला, यंत्र हातावर आपटून पुन्हा वाचला.

"किती दिवस चाललंय हे?"

"चार वर्षं. रोज अकराला, पाव तास."

ते खाद्याच्या पोत्यावर बसले. "म्हणजे आधीच्याही सगळ्या..." म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडलं. मग आयलेनकडे वळले. "तू बरोबर मोजलं होतंस."

"आणि तुमचे कान, दोन्या?" तिनं हळूच विचारलं. "चार वर्षं पाइप तुमच्याच हातात होता. रविवारी घरी सगळे जेवायला बसतात, तेव्हा कळतं नीट?"

"सगळे एकदम बोलतात. माझ्या घरात शिस्त उरली नाही, एवढंच."

तिनं मांडणीवरची नोंदवही काढली.

इथला नियम आहे: ज्याच्या हातून घडलं त्यानं वहीत स्वतः लिहायचं आणि खाली सही करायची. आयलेन म्हणाली, "तुम्ही सांगा, मी लिहिते."

"माझे हात मोडलेत का?"

दोन ओळींना बराच वेळ लागला. सगळे उभे होते, डॉक्टरसुद्धा. पेन मी इतकं दाबून धरलं होतं की आयलेननं पान उलटलं तेव्हा पुढच्या कोऱ्या पानावर माझी अक्षरं उमटलेली दिसत होती. तिनं त्यांवरून एकदा बोट फिरवलं आणि त्याच पानावर नव्या शांत गटाच्या उंदरांची तारीख घातली.