नऊ पायऱ्यांच्या बाजूचा उतार

मी खामगावचं जुनं नाट्यगृह बोलतोय. कापूस बाजारातून स्टेशनाकडे जाताना काळ्या दगडाची उंच इमारत दिसते, ती मी. लोक मला थेटर म्हणतात. मला चालतं.

माझा जन्म इंग्रजांच्या काळातला. बाजारातल्या व्यापाऱ्यांनी मला हौसेनं बांधलं. सातपुड्यातला साग बैलगाड्यांतून आला, आणि त्या खांबांना अजून वाळवी शिवलेली नाही. इथली काळी माती पावसात फुगते, म्हणून गवंड्यांनी मला छातीएवढ्या जोत्यावर बसवलं आणि पुढं नऊ पायऱ्या घातल्या. नाटकवाले पहिल्या पायरीला हात लावून तो कपाळाला लावत. त्या पायऱ्यांचा मला फार अभिमान होता.

एक गोष्ट सांगताना मात्र मान खाली जाते. त्या पायऱ्या सगळ्यांसाठी नव्हत्या. कापसाची सरकी काढणाऱ्या जिनातला एक हमाल दर नाटकाला माझ्या पूर्वेच्या खिडकीखाली उभा राही. त्याच्या जातीला आत जागा नव्हती. तो तिथूनच पेटी ऐके आणि घरी जाऊन लेकाला त्या चाली गुणगुणून दाखवी.

पुढं ती बंदी गेली. त्याचा लेक इंद्रभान माझा पेटीवाला झाला. दिवसा तो जिनात फिटर होता, संध्याकाळी माझ्याकडे. त्यानं नांदीचे सूर धरले की माझे दगडसुद्धा कान देत.

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी जिनात दाबून बांधलेल्या कापसाची अवजड गठाण त्याच्या पाठीवर कोसळली. पाय कायमचे गेले. दोन दिवाळ्या त्याची पेटी माझ्या कपाटात पडून राहिली. मग तो नागपूरच्या दवाखान्यातून चाकाची खुर्ची घेऊन परत आला.

दिवाळीच्या नाटकाला तोच हवा होता. माझे व्यवस्थापक वामनराव त्याला म्हणाले, "चार मानसं देतो ना. खुर्चीसकट उचलून नेतीन."

"नाई जी. चौघाच्या खांद्यावर एक दिवस जायाचंच हाये. तवा नाई म्हननार नाई."

"मंग पेटी कोन वाजवन?"

"मीच वाजवतो. मले माह्या हातानं चाक फिरवून आत येऊ द्या."

हे हमालांचे मुकादम उकंडराव ऐकत होते. ती गठाण त्यांच्याच टोळीच्या हातून सुटली होती. दुसऱ्या दिवशी ते मालगाडीत गठाणी चढवायच्या दोन लांब फळ्या घेऊन आले. "फळ्या टाकल्या का झालं काम. जनम गेला माहा गठाणी चढवन्यात."

चढ खडा होता. इंद्रभानचे हात थकले, म्हणून उकंडराव मागून लोटू लागले. अर्ध्यावर आल्यावर सवयीनं त्यांनी हात सोडले आणि बाजूला होऊन ते दुपट्ट्यानं घाम पुसायला लागले. गठाण चौकोनी असते, सोडली तिथंच बसते. खुर्ची सरळ मागं गेली आणि पानठेल्याच्या बाकावर आदळली.

इंद्रभानचा तळहात सोलून निघाला. तरी तो हसला. "मामा, मी गठाण नोय. मले चाकं हायेत."

"हाव बे, आज समजलं," उकंडराव म्हणाले. पण त्यांचा चेहरा पडला होता.

मग ते दोरी घेऊन माझ्याभोवती फिरले. "उतार लांब पाह्यजे. आन मधात दम खायाले सपाट जागा." समोर रस्ता होता, तेवढी लांबी फक्त पूर्वेच्या भिंतीला होती.

वामनरावांना पटेना. "थेटराची शोभा जाईन."

"शोभा पायऱ्याची का पेटीची, वामनराव?" उकंडरावांनी विचारलं.

वामनराव पूर्वेच्या भिंतीपाशी गेले. मग हळूच म्हणाले, "तिथली माही गुलाबाची झाडं मुळासकट काढा. दुसरीकडं लावतो."

जिन सुटलं की हमाल येत. त्यांनी मुरूम भरला, ठोकला, वर फरशी घातली. चाक घसरू नये म्हणून फरशीला छिन्नीनं खाचा पाडल्या.

तालमीच्या दिवशी इंद्रभान आला. चाकं फिरवत सपाट जागेपर्यंत पोचला आणि थांबला. वर माझी पूर्वेची खिडकी होती.

"लोटू का?" उकंडरावांनी विचारलं.

"नोका, मामा. इथं माहा बाप उभा राहे. जराक बसतो."

तो बसला. मग उरलेला चढ एकट्यानं चढून आत गेला. थोड्या वेळानं पेटी वाजली. आजवर माझ्यात खूप पेट्या वाजल्या, पण त्या दिवशी मी स्वतःला पहिल्यांदा पुरता बांधलेला वाटलो.

त्यालाही आता काही वर्षं झाली. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या बाया, तबले वाहणारे, सगळे त्या उतारानं येतात. नाटकवाले अजून पायरीला हात लावतात. काहीजण आता उताराच्या पहिल्या फरशीलाही लावतात, आणि माझी मान आणखी ताठ होते.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. खेळाच्या दिवशी घाई असते, तुम्ही त्या उतारावर सायकली टेकवून पळता. तसं करू नका. तुम्हाला ती मोकळी जागा वाटते, पण माझा दरवाजा तिथूनच सुरू होतो.