नीलाबाईचं नाव बरं आठवतं

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी आमच्या ह्यांना सोपेच सवाल विचारले. "केवळराम, आज वार कोणता?" चुकला. साल? दोन हजार सहा सोडून अठ्ठ्याण्णव सांगितलं. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्या कोण? नाव सांगा." ह्यांनी मान खाली घातली.

"बरं, इंजेक्शन कोण देत होतं?"

"नीलाबाई." फटकन उत्तर!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नीलाबाई म्हणजे भद्रावतीला कोळशाच्या ट्रकांच्या थांब्यामागे राहणारी. मासेमारीच्या जोडीला हे तिथं ट्रकात कोळसा भरायचे; कंबर दुखते म्हणून तिच्याकडे पहिली सुई घेतली, मग सुईवाचून राहवेना. तळ्यातली मासेमारी सुटली, घरची जाळी उंदरांनी कुरतडली. तिथं एकच सुई चौघांना टोचायचे. त्यातूनच एचआयव्ही आला.

डॉक्टर समजावत होते. हा विषाणू मेंदूतही शिरतो. वर सुईतलं हे अफूच्या जातीचं औषध, म्हणजे मेंदूला दुहेरी मार. सुई बंद करा, गोळ्या चुकवू नका, थोडं सुधारेल. गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. मी मान हलवत होते, पण डोक्यात ती एकच बाई. पंधरा वर्षं मी ताट वाढलं, आणि आठवावी कोण, तर ती सटवी?

गोंडपिपरीच्या एसटीत बसल्याबरोबर मी तोंड सोडलं. "तिचं नाव बरं ध्यानात राह्यलं तुमच्या! माह्यं काऊन नाई?"

ते चकितच झाले. "अवो, ते परकी बाई. बायकोचं नाव चारचौघात कसा घेऊ? डाक्टरले एवढं समजत नाई का?"

मला खुदकन हसू आलं. खरंच की! आमच्यात लग्नात उखाण्यात काय ते एकदा नाव घ्यायचं, नंतर नाही. शहरातल्या डॉक्टरला काय ठाऊक! जीव भांड्यात पडला. पण जळफळाट लगेच थोडाच विझतो? नीलाबाईनंतर त्याच तोंडून मला माझं नाव ऐकायचं होतं.

आजूबाजूच्या सीटा रिकाम्या होत्या. "इथी कोनी नाई. हळूच घ्या नं नाव."

ते लाजले. "चंचलची माय," म्हणाले.

"ते नाई. नाव."

ते बराच वेळ बोटं चोळत बसले. मग माझ्या कानाशी वाकले. "तूच सांग नं मले. मी कोनाले सांगत नाई."

मला रडू नाही आलं. आधी नीलाबाईचाच राग आला.

"गोकुळा," मी म्हणाले.

"मस्त नाव हाये," ते म्हणाले.