बोकडाचा मानकरी

बोक म्हणजे जर्मन भाषेत बोकड. वाल्बुर्गाच्या घराण्याचं हे आडनाव, आणि एगोन टिलमानने त्याचं पार मातेरं केलं होतं.

गावच्या नेमबाजी उत्सवात उंच खांबावरचा लाकडी पक्षी जो पाडेल तो वर्षाचा राजा. ज्याच्या गोळ्या सगळ्यांत जास्त वाया जातील, त्याला राजाच्या हातून बोकड मिळे, आणि त्याने साऱ्या मैदानाला ऐकू जाईल असे आभार मानायचे. कुणाची चूक झाली की ‘बोकड मारला’ म्हणतात ते यावरूनच, असं म्हातारे सांगत.

वाल्बुर्गाचे वडील आलोइस. लाकूडगिरणीत मार बसल्यापासून त्यांचा हात कापे, त्यामुळे बोकड ठरलेला. राजा बहुधा टिलमानच, गावच्या नेमबाजी मंडळाचा अध्यक्ष आणि बिअरच्या गुत्त्याचा मालक. दावं हातात देताना तो म्हणायचा, "चला, बोकड आपल्या घरी चालला." वर सांगत सुटायचा, की यांच्या मूळ पुरुषाने असाच बोकड मिळवला म्हणून हे आडनाव पडलं. घरात मात्र वेगळंच सांगत. तो पुरुष गावाचा जातिवंत बोकड सांभाळायचा, घरोघरच्या शेळ्या त्याच्या दारी यायच्या, मानाचं काम होतं. पण टवाळीपुढे खऱ्याचं काय चालणार!

शेवटच्या वर्षी आलोइस घरी आले आणि टोपीही न काढता बसून राहिले. "वाली, आपलं नाव चांगलं होतं गं," एवढंच म्हणाले. त्याच हिवाळ्यात गेले.

वाल्बुर्गाने खूणगाठ बांधली. शेजारच्या गावच्या मंडळात जाऊन ती नेम धरायला शिकली. आणि एका रविवारी तिच्या बेकरीत टिलमान कॉफीचा कप दोन्ही हातांनी उचलताना तिला दिसला. तरी कॉफी बशीत सांडलीच. दुसऱ्या कुणाला कीव आली असती, तिला उकळ्या फुटल्या.

यंदा टिलमान नुसता बाकावर बसणार होता. आपल्या गावच्या मंडळाच्या बैठकीत तीच गोड आवाजात म्हणाली की अध्यक्षांच्या गोळीशिवाय उत्सवाला शोभा नाही. टाळ्या पडल्या, आणि म्हातारा हरभऱ्याच्या झाडावर चढला.

उत्सवाच्या दिवशी त्याच्या सगळ्या गोळ्या आभाळात गेल्या. पक्ष्याचा ढलपाही उडाला नाही. शेवटचा तुकडा पाडला वाल्बुर्गाने. राजाची साखळी गळ्यात घालून ती बोकड घेऊन टिलमानसमोर उभी राहिली.

"चला, बोकड आपल्या घरी चालला."

लोक पोट धरून हसले, आलोइसला हसायचे तसेच. टिलमानच्या हातात दावं थरथरत होतं. तो खाली बघत काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने, टिलमानकाका," वाल्बुर्गा शांतपणे म्हणाली. "आमचे बाबा मोठ्याने म्हणायचे."