वखारीतून घरी

नीलमने टेबलावरच्या लॅपटॉपचं बटण पुन्हा दाबलं. जमलं तर ठीक, नाहीतर उद्यापासून दाराला कुलूप. जन्मदात्याला कोंडायचं तिच्या जिवावर आलं होतं.

तिचे वडील मारुतीराव निपाणीत तंबाखूच्या वखारीत कॉम्प्युटरवर बसायचे. वखार बंद पडून जमाना झाला, पण स्मृतीनं दगा दिल्यापासून ते रोज सकाळी कामाला निघत. काल हायवेवर ट्रकांच्या मधोमध सापडले. नशीब बलवत्तर म्हणून वाचले.

काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. तंबाखूची वजनं नोंदवायचा वखारीचा जुना प्रोग्राम जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरमध्ये, आपण जुन्याच मशीनवर आहोत अशा समजुतीत, बिनबोभाट सुरू झाला. मशीनला फसवणं सोपं होतं. बापाचं काय?

"आप्पा, कामाला बसा की."

दाराकडे निघालेले मारुतीराव वळले. पडद्याकडे बघत खोलीच्या उंबऱ्याशी थांबले आणि त्यांनी चपला काढल्या. वखारीत कॉम्प्युटरच्या खोलीला देवघराचा मान असायचा.

"मॅडम, तुमी बी भाईर काढा. मशीनला धूळ सोसत न्हाय."

पोटच्या लेकीला मॅडम! नीलमला ते लागलं, पण तिनं मुकाट्यानं स्लिपर काढल्या. मारुतीरावांची बोटं खटाखट चालू लागली. त्या दिवशी कितीतरी दिवसांनी तिच्या घशाखाली नीट घास उतरला.

उन्हं कलली तसा मारुतीरावांनी प्रोग्राम बंद केला, लॅपटॉपवर टॉवेल पांघरला आणि चपला घालून थेट बाहेरचं दार गाठलं.

"आता कुठं निघालासा?" नीलमनं पुढं होऊन दाराची कडी धरली.

"घरला. आमची नीलम दारात वाट बघत बसत्या. लई भित्री हाय पोर."

कडीवर गेलेला तिचा हात तसाच राहिला. मग तिनं कडी काढली आणि पायात स्लिपर सरकवल्या.

"चला. मला बी तिकडंच जायचंय."

हायवेची बाजू टाळून, गल्लीला वळसा घालून दोघं पुन्हा त्याच दाराशी आली. मारुतीरावांचा चेहरा खुलला. त्यांनी आत डोकावून हाक मारली,

"नीलम, ए नीलम!"

घरात कुणीच नव्हतं. त्यांच्या कपाळावर आठी उमटली तशी नीलम त्यांच्या बगलेखालून लगबगीनं आत शिरली आणि तिनं आतून ओ दिली.